एडिटर टाकला, पण पायथन कुठेय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत घरबसल्या प्रोग्रॅमिंग शिकायची जी मालिका सुरू झालीये ती मी वाचतोय. हा विषय मराठीतून येतोय याचा आनंदच आहे, पण पहिल्याच भागात 'आधी एखादा चांगला कोड एडिटर इन्स्टॉल करून घ्या आणि मग खालचा प्रोग्रॅम टाइप करा' असं एका वाक्यात जे उरकलंय ना, त्याबद्दल लिहायचंय. नवीन माणूस अडकतो तो नेमका याच वाक्यात. लूप, फंक्शन वगैरे फार पुढची गोष्ट झाली, तिथवर पोचायच्या आधीच कितीतरी जण 'हे आपलं काम नाही' म्हणून लॅपटॉप मिटवतात, आणि त्यांना जे जमलेलं नसतं ते प्रोग्रॅमिंग नसतंच मुळी, तो असतो सेटअप. ओळखीपाळखीतून मला या कामासाठी सारखे फोन येतात म्हणून एवढं ठासून सांगतोय.

सगळ्यात मोठा घोळ म्हणजे एडिटर आणि भाषा एकच असं लोक धरून चालतात. व्हीएस कोड (व्हिज्युअल स्टुडिओ कोड, मायक्रोसॉफ्टचा एडिटर) टाकला म्हणजे पायथन ही भाषा आली, असं. नाही येत हो. एडिटर ही नुसती वही आहे, त्यात लिहिलेलं वाचून ते चालवणारा वेगळा, आणि तो वेगळाच आणावा लागतो. पायथनसाठी इंटरप्रिटर, सी आणि सी प्लस प्लससाठी कंपायलर, जावासाठी जेडीके, जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेर चालवायची तर नोड. गंमत म्हणजे व्हीएस कोडमध्ये सी प्लस प्लसचं एक्स्टेन्शन, म्हणजे एडिटरला जोडायचा जादा भाग, टाकलं तरी त्यात कंपायलर नसतो, तो विंडोजवर तुम्हाला मिनजीडब्ल्यू वगैरे वेगळा टाकावाच लागतो, आणि हे न कळल्यामुळे माणूस तासभर रन बटण दाबत बसतो आणि शेवटी एडिटरलाच नावं ठेवतो.

म्हणून माझं म्हणणं, क्रम उलटा छापा. आधी भाषा, मग एडिटर.

तुमचा प्रोग्रॅम पायथनचा होता म्हणून पायथनचंच सांगतो. विंडोजवर पायथनचा नेहमीचा इन्स्टॉलर उघडला की पहिल्याच स्क्रीनवर खाली एक बारीक चौकोन असतो, 'ॲड पायथन डॉट ईएक्सई टू पाथ' (पाथ म्हणजे नाव टाइप केलेला प्रोग्रॅम विंडोज ज्या फोल्डरांत शोधतं त्यांची यादी), आणि त्याच्यावर आधीपासून टिक नसते! वर मोठ्ठं 'इन्स्टॉल नाऊ' दिसतं, सगळे तेच दाबतात, आणि मग टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पायथन असं टाइप केलं की पायथन सापडलं नाही असं तरी येतं नाहीतर चक्क मायक्रोसॉफ्टचं स्टोअर उघडतं. स्टोअर का उघडतं तर विंडोजने त्या नावाचा एक शॉर्टकट स्वतःच ठेवलेला असतो, सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियसेस' म्हणून यादी आहे तिथून तो बंद करता येतो. हे नवख्या माणसाला कुठून कळणार? आता पायथन इन्स्टॉल मॅनेजर म्हणून नवीन प्रकारही आलाय, त्याच्या स्क्रीन वेगळ्या दिसतात, त्यामुळे तुम्ही फोटो छापलात तर ते कोणत्या पद्धतीचे आहेत तेही खाली लिहा.

अजून एक, पायथन टाकताना व्हीएस कोड आधीच उघडा असेल तर तो पूर्ण बंद करून परत उघडायचा. पाथ बदललेला आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला कळत नाही, तो जुनाच पाथ धरून बसतो. माझ्याकडे येणाऱ्या 'सगळं बरोबर केलंय तरी चालत नाही' या फोनांपैकी बरेच एवढ्यावरच मिटतात.

आता एडिटर. 'एखादा चांगला' असं मोघम लिहू नका, नाव घ्या. व्हीएस कोड २०१५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाला, पुढच्या वर्षी त्याची १.० आवृत्ती आली, आणि २०२३ च्या स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमर लोकांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या सर्व्हेत उत्तर देणाऱ्यांपैकी सुमारे ७४ टक्के लोक तोच वापरत होते, म्हणजे अडलं तर विचारायला माणूस मिळतो हा त्याचा खरा फायदा. मोफत आहे. फक्त नाव नीट छापा, कारण व्हिज्युअल स्टुडिओ नावाचं मायक्रोसॉफ्टचंच दुसरं सॉफ्टवेअर आहे, १९९७ पासूनचं, भलं दांडगं, आणि लोक सर्च करून चुकून तेच उतरवतात आणि मग काही जीबी डेटा गेला म्हणून बोंबलतात. ओळखायची खूण सोपी, व्हीएस कोडचा आयकॉन निळा आणि त्याचा जांभळा.

इन्स्टॉल करण्यात तसं फार काही नाही. विंडोजवर यूजर इन्स्टॉलर आणि सिस्टम इन्स्टॉलर असे दोन असतात, साइटवरच्या मोठ्या बटणाने यूजरवालाच येतो आणि त्याला ॲडमिनचा पासवर्ड लागत नाही, ऑफिसच्या मशीनवर शिकणाऱ्यांना हे बरं पडतं. 'ओपन विथ कोड'च्या दोन टिका मी नेहमी करायला सांगतो, फोल्डरवर राइट क्लिक करून थेट उघडता येतं. मॅकवाल्यांनी झिपमधून बाहेर आलेलं ॲप डाउनलोड्समध्येच न ठेवता ॲप्लिकेशन्समध्ये ओढायचं, नाहीतर अपडेट नीट होत नाहीत. आणि जुनं मशीन असेल तर आधी बघून घ्या, विंडोज ७ वर १.७० च्या पुढचा व्हीएस कोड चालत नाही आणि ३२ बिटच्या विंडोजसाठी १.८३ नंतर येणंच बंद झालं. जुना लॅपटॉप मुलांना शिकायला काढून देणारे बरेच असतात, ते इथे हमखास अडकतात.

एडिटर उघडल्यावर काय करायचं हे तर कुणीच सांगत नाही. फाइल नाही, फोल्डर उघडायचा. एक रिकामा फोल्डर करायचा, 'ओपन फोल्डर'ने तो उघडायचा, 'या फोल्डरवर विश्वास आहे का' असं तो विचारतो त्याला आपला स्वतःचाच फोल्डर असेल तर हो म्हणायचं, दुसऱ्याकडून आलेला झिप असेल तर जरा थांबायचं, कारण तो प्रश्न उगाच नाहीये, परक्या फोल्डरमधल्या काही गोष्टी नुसतं उघडल्यावर आपोआप चालू शकतात. मग त्या फोल्डरमध्ये नवीन फाइल, आणि नाव देतानाच शेवटी डॉट पीवाय (.py), ही पायथन फाइलची खूण. ती दिली नाही तर तो ती फाइल साधा मजकूर समजतो, रंगही येत नाहीत आणि सूचनाही येत नाहीत, आणि लोकांना वाटतं इन्स्टॉलेशन बिघडलं. नाव काहीही द्या पण रँडम डॉट पीवाय किंवा टर्टल डॉट पीवाय देऊ नका, ती पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलची, म्हणजे सोबत येणाऱ्या तयार कोडच्या फाइलींची नावं आहेत, तुमची फाइल मधे येते आणि पायथन तीच उचलतं, मग जो एरर येतो त्याचा अर्थ शिकवणाऱ्यालाही पटकन लागत नाही.

आणि तो पांढरा ठिपका! फाइलच्या टॅबवर बंद करायच्या फुलीच्या जागी गोल ठिपका दिसत असेल तर फाइल सेव्ह झालेली नाही. डेस्कटॉपवर ऑटो सेव्ह मुळात बंद असतं. माणूस कोड बदलतो, टर्मिनलमध्ये जाऊन चालवतो, उत्तर जुनंच येतं, परत बदलतो, परत जुनंच, आणि मग कोडमध्ये नसलेली चूक शोधत बसतो. फाइल मेनूत 'ऑटो सेव्ह' आहे, पहिल्याच दिवशी चालू करून टाकावं असं माझं मत, जाणकार नाक मुरडतील, मुरडू देत.

एक्स्टेन्शनच्या बाबतीत तर इंटरनेटवरच्या 'ही पंधरा टाकाच' छाप याद्यांनी वाट लावलीये. नवशिक्याला एकच लागतं, पायथन नावाचं, पब्लिशर मायक्रोसॉफ्ट, नावाशेजारी टिक असलेलं. त्याच्याबरोबर सूचना देणारं पायलान्स आणि चुका शोधायला मदत करणारा डीबगर आपोआप येतात. मिळत्याजुळत्या नावाची बरीच असतात म्हणून पब्लिशर बघूनच टाका, कारण एक्स्टेन्शनला तुमच्या फाइलींपर्यंत तुमच्याइतकीच पोच असते आणि घातक एक्स्टेन्शन्स ती जिथून मिळतात त्या मायक्रोसॉफ्टच्या दुकानातून काढून टाकावी लागल्याचे प्रकार झालेले आहेत. जुन्या याद्यांमध्ये कंसांना रंग देणारं एक एक्स्टेन्शन हमखास असतं, ती सोय २०२१ पासून एडिटरमध्येच आहे, वेगळं काही टाकायची गरज नाही. तुमच्या लेखात शेवटी पर्याय म्हणून ॲटम या एडिटरचं नाव होतं, ते तर वाचून मी उडालोच, ॲटम १५ डिसेंबर २०२२ ला अधिकृतपणे बंद झालाय. जुन्या लेखावरून उचललं असणार, दुसरं काय.

एक्स्टेन्शन टाकल्यावर डॉट पीवाय फाइल उघडी असताना खाली उजव्या कोपऱ्यात पायथनचा आकडा दिसतो. तिथे काहीच नसेल किंवा भलताच आकडा असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबून 'सिलेक्ट इंटरप्रिटर' शोधायचं आणि आपण टाकलेलं निवडायचं. झालं. वर उजवीकडचा त्रिकोण दाबला की चालतं.

हल्ली उघडल्या उघडल्या बाजूला एआयची चॅट आणि साइन इन करा असा आग्रहही असतो. साइन इन न करताही एडिटर पूर्ण चालतो, हे जरूर छापा, कारण लोक तिथेच बिचकतात. आणि शिकताना पहिले काही आठवडे ती चॅट आणि एआयच्या सूचना बंदच ठेवा. टाइप करताना पुढची ओळ करड्या अक्षरात आपोआप यायला लागली तर माणूस ती स्वीकारायला टॅब दाबायचं शिकतो, पायथन नाही.

खरं सांगायचं तर शाळकरी मुलाला फक्त पायथन शिकायचं असेल तर मी व्हीएस कोड सांगतच नाही, थॉनी सांगतो. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात तयार झालेला साधा एडिटर आहे, पायथन त्याच्यासोबतच येतं, म्हणजे वरची निम्मी कटकट वाचते. पुढे हात बसला की मग व्हीएस कोडकडे या.

आता तुमच्या छपाईकडे येतो, आणि हे जरा स्पष्टच लिहितो. लेखातला प्रोग्रॅम मी जसा छापलाय तसा टाइप करून पाहिला. त्यात अवतरण चिन्हं वळणदार होती, लेखात शोभतात तशी. पायथनला सरळ उभी लागतात, वळणदार चालत नाहीत, इनव्हॅलिड कॅरेक्टर म्हणून एरर येतो. कागदावर बघून टाइप करणारा सुटतो एकवेळ, पण तुमच्या ई-पेपरवरून किंवा वेबसाइटवरून कॉपी पेस्ट करणारा शंभर टक्के फसतो, कारण डोळ्याला फरक दिसतच नाही. दुसरं म्हणजे कोडमधले आकडे मराठीत छापलेत. प्रोग्रॅममध्ये १० असा आकडा लिहिला की तोच एरर. मजा म्हणजे तेच १० वापरणाऱ्याने इनपुटमध्ये मराठीत भरलं आणि तुम्ही ते मजकुराचा आकडा करणाऱ्या इंट फंक्शनला दिलं तर पायथन बिनतक्रार दहा समजून घेतं! पण कोडमध्ये थेट लिहायचे आकडे इंग्रजीच लागतात. मराठी कीबोर्ड चालू राहिला की हेच होतं, तेव्हा तेही एका ओळीत सांगून टाका. अवतरणातला मजकूर मात्र बिनधास्त मराठीत लिहा, पायथन ३ ला चालतो, टर्मिनलमध्ये जोडाक्षरं थोडी तुटकी दिसली तर घाबरू नका, तो दाखवण्यातला दोष आहे, प्रोग्रॅममधला नाही.

आणि तिसरं, सगळ्यात वाईट, कॉलममध्ये बसवताना डावीकडची मोकळी जागा उडालीये. बाकी बऱ्याच भाषांमध्ये चाललं असतं, पायथनमध्ये ती जागा हाच व्याकरणाचा भाग आहे, इफच्या, म्हणजे अटीच्या ओळीच्या, खालची ओळ आत सरकवली नाही तर प्रोग्रॅम चालतच नाही. रूढ पद्धत चार स्पेसची आहे, त्या छापताना उडता कामा नयेत. व्हीएस कोडमध्ये इफच्या ओळीला शेवटी कोलन देऊन एंटर दाबलं की तो स्वतःच आत सरकतो, पण वाचकाने तुमच्या छापील ओळी बघून त्या परत मागे ओढल्या तर काय करणार बिचारा.

तेव्हा विनंती एवढीच की पुढचा भाग छापायच्या आधी अर्धा कॉलम या सेटअपसाठी द्या, विंडोज की मॅक की लिनक्स आणि कोणत्या महिन्यात करून पाहिलं ते वर लिहा, कोड वेगळ्या चौकटीत समान रुंदीच्या अक्षरात घ्या, आणि पान लावणाऱ्याला त्या चौकटीपुरते स्मार्ट कोट्स, म्हणजे अवतरण चिन्हं आपोआप वळणदार करणारी सोय, बंद ठेवायला सांगा. पहिल्या भागातला प्रोग्रॅमही दुरुस्त करून परत छापलात तर बरं होईल, ई-पेपरवर तो अजून तसाच आहे.

कळावे,
आपला एक नियमित वाचक