लॉगिनच्या साईटवर सगळ्यांना परवानगी नको

संपादक साहेब, लातूर-नांदेडकडं आता फी, पाणीपट्टी, सोयाबीनचा भाव सगळं वेबसाईटवर आलंय, चांगलंच आहे, पण साईट बनवणारी आपली पोरं ब्राउझरनं कॉर्सचा (एका साईटचं उत्तर दुसऱ्या साईटला वाचू द्यायचं का, या नियमाचा) एरर दिला की सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणाऱ्या हेडरमध्ये स्टार (*) टाकून मोकळी होतात, म्हणजे कुठल्याही साईटला उत्तर वाचायची परवानगी. नुसता भाव दाखवायचा असेल तर चालतंय हो. पण कुकीवाल्या (ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखखुणेच्या) लॉगिनला ब्राउझर स्टार मानतच नाही, मग काहीजण जो ओरिजिन (विचारणाऱ्या साईटचा पत्ता) येईल तोच न तपासता परत पाठवतात आणि क्रेडेन्शियल्स (म्हणजे कुकीसकट विचारायची मुभा) चालू ठेवतात, हे लई धोक्याचं, भलत्याच साईटला माणसाच्या खात्यातली माहिती वाचता येऊ शकते. ठरलेल्या डोमेनची यादी सर्व्हरवर ठेवा, पूर्ण नाव जुळलं तरच परवानगी द्या. नगरपालिकांनी बिल पास करायच्या आधी हे तपासून घ्यावं ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, लातूर