चारच्या आकड्याचे बिस्किट

आदरणीय आप्पा,

सविनय नमस्कार.

आपली बेकरी आमच्या घरापासून दहा मिनिटांच्याही अंतरावर नाही, तेव्हा हे आभार समोर येऊनच मानायला हवे होते. तसा प्रयत्न मी दोन वेळा केलाही. परंतु दोन्ही वेळा गल्ल्यापाशी गिऱ्हाईक उभे होते, माझा आवाज मला दगा देऊ लागला आणि मी नको असलेला पाव घेऊन परत फिरलो. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असे उघडे.

निळ्या डब्याची हकिकत मी आपल्याला घाईत, अर्धवट सांगितली होती. माझे मामा कुवेतला नोकरीस होते आणि सुट्टीवर येताना ते डेन्मार्कच्या बटर कुकीजचा गोल पत्र्याचा डबा न चुकता आणत. अमळनेरात त्या काळी बिस्किट म्हणजे ग्लुकोज, आणि दिवाळीला घरचा मैदा, साखर व डालडा देऊन भट्टीतून भाजून आणलेली नानकटाई. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि पुढे त्यातूनच विप्रो उभी राहिली, त्या गावाच्या जिभेला वनस्पतीचीच सवय असणार. त्यामुळे त्या डब्याचे झाकण निघाल्यावर येणारा लोण्याचा वास आम्हाला परदेशाचाच वास वाटे.

कागदाच्या चुणीदार वाट्यांत बिस्किटे रचलेली असत आणि कोणाचे कोणते हे आमच्याकडे ठरून गेलेले होते. वर साखर पेरलेले लांबट चौकोनी, ज्याला डेन्मार्कमध्ये बनूनही फिनिश म्हणतात, ते माझे, आणि आजही त्यात माझे मत बदललेले नाही, कारण कडेचा तो किंचित करपलेला भाग दुसऱ्या कोणत्याच प्रकाराला नसतो. व्हॅनिलाचे वेढे थोरल्या बहिणीचे. आई त्यांना 'सोऱ्यातून पाडलेले' म्हणे आणि आम्ही हसत असू. पुढे कळले की डॅनिश बायका नाताळात हे वेढे खरोखरच चांदणीच्या आकाराच्या भोकातून पीठ दाबून पाडतात, म्हणजे आईचेच बरोबर होते. खोबऱ्याचे वडिलांचे, चहात बुडवून. टोके आत दुमडलेल्या ४ सारखे दिसणारे, जाड साखरेचे बिस्किट धाकट्या दोघांचे, आणि त्यावरून भांडणेही त्यांचीच. मागे उरत ती साधी गोल. ती आई खाई. 'आईला साधे गोल आवडते' हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा बोलले गेले की त्याची कोणी खातरजमा करावी असे कोणालाही वाटले नाही.

१९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतले. मामा अम्मानमार्गे एका पिशवीनिशी परतले आणि डबे थांबले. शेवटच्या डब्यात आईने सुई-दोरा ठेवला, तो आजतागायत.

गेल्या दिवाळीनंतर आई पडली, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. हाड जुळले, परंतु जेवणावरची वासना उडाली आणि स्मरणही मधूनमधून निसटू लागले. एके दुपारी तिने तो डबा मागितला. मला वाटले, तिला गुंडी लावायची असेल. तिने नखाने झाकण उचकटले, आत दोऱ्याची रिळे, हुकांचे पाकीट आणि कोणाच्या तरी जुन्या सदऱ्याच्या गुंड्या पाहिल्या, आणि मग माझ्याकडे असे पाहिले की जणू तिच्या वाटणीचे मीच खाऊन टाकले आहे. हे पुढचे आठ-दहा दिवस रोज दुपारी घडत राहिले.

त्या दिवसांत मी जे अनुभवले ते कोणाचे नाव न घेता लिहितो. जळगावच्या एका मोठ्या दुकानात मी बटर कुकीज मागितल्या, तर मुलाने मोबाइलवरून नजर न उचलता चहात बुडवायच्या कडक बटरचे पाकीट पुढे सरकवले. दुसऱ्या दुकानातील निळ्या डब्याच्या झाकणावर पाच प्रकारांचे चित्र होते आणि आत पाचही थरांत एकच गोल बिस्किट. विचारले, तेव्हा 'चित्र चित्र असते' असे उत्तर मिळाले. घरपोच मागवलेला डबा चेपून आला, आत भुगा होता, आणि खाद्यपदार्थ परत घेत नाहीत असे मला तीन वेळा अत्यंत गोड आवाजात सांगण्यात आले. एका जवळच्या नातेवाइकाने तर 'संध्याकाळपर्यंत म्हातारी विसरेल, मारी द्या' असा सल्ला दिला. त्याचा राग अजून गेलेला नाही.

मग मी तो भुगा पुडीत बांधून आपल्याकडे आलो. आपण चिमूटभर तोंडात टाकून बराच वेळ काहीच बोलला नाहीत. नंतर म्हणालात की वनस्पती घातले तर आकार टिकेल पण चव येणार नाही, आणि लोणी घातले तर या उन्हात पीठ हाताच्या उबेनेही सुटेल, तेव्हा जे करायचे ते पहाटे, पाव निघून भट्टीची आच उतरल्यावर करावे लागेल. मी आनंदाने सांगू लागलो की आकाराची चिंता नको, आईला साधे गोलच आवडते.

आपण म्हणालात, "तुम्ही नका सांगू. मी मायलेच विचारस."

हेच ते, आप्पा, ज्यासाठी हे पत्र लिहिले. दुपारी दुकान दुसऱ्याच्या हवाली करून आपण आलात, कोपरापर्यंत मैदा तसाच होता, खुर्ची दिली तरी आईच्या खाटेशी खाली फरशीवर बसलात. झाकणावरचे विटलेले चित्र तिच्यापुढे धरून आपण विचारलेत, "माय, तुले कोणतं आवडस?" आणि तिच्या उत्तराची वाट पाहिलीत. ती बराच वेळ बोलली नाही. मी मध्ये बोलायला निघालो, तर आपण माझ्याकडे न बघता फक्त तळहात वर केलात. मग तिचे बोट चित्रावर फिरले, गोल बिस्किटावरून पुढे गेले आणि थांबले.

"हाई. चारना आकडानं."

डबे येत होते तोवर धाकट्या दोघांनी त्या बिस्किटासाठी भांडणे केली आणि तिने एकदाही हात पुढे केला नाही. घरात पाच शिकलेली माणसे होती; विचारले ते आपण.

तिसऱ्या दिवशी सकाळी आपण अकरा बिस्किटे घेऊन आलात. दोन-तीन वाकडी होती, एकाचे टोक सुटले होते, हे आपणच आधी सांगितलेत. रिळे स्टीलच्या डब्यात गेली, निळा डबा पुसला, त्यात कागद घातला आणि झाकण लावून तो तिच्याच हाती दिला, कारण उघडायचा तिनेच, हे आपण मला बजावले होते. तिने दीड बिस्किट खाल्ले. उरलेले अर्धे सवयीने माझ्यापुढे धरले, आणि आयुष्यात प्रथमच मी ते घेतले नाही.

पुढे ती थोडे थोडे वरण-भातही घेऊ लागली, परंतु त्याचे सगळे श्रेय मी बिस्किटाला देत नाही. डॉक्टरांनी औषधही बदलले होते. मला सांगायचे आहे ते इतकेच की वस्तू देणारे अनेक असतात, पैसे देणारेही असतात, आणि आजाऱ्याविषयी त्याच्या उशाशी उभे राहून दुसऱ्यालाच विचारणारे तर आपण सगळेच असतो. आजाऱ्याला विचारणारा आणि उत्तर येईपर्यंत थांबणारा माणूस मला या वयात भेटला, तोही ऐन धंद्याच्या वेळी. डेन्मार्कात बेकरीच्या दारावर हाच दुमडलेला आकार सोनेरी करून, वर मुकुट चढवून टांगतात. आपल्या दारावर लिंबू-मिरची आहे. असू द्या, ती अधिक कामाची.

आपण लोण्याचे पैसे घेतलेत आणि मजुरी घेतली नाही, हे मला मान्य नाही. त्यावर आपण समोरासमोर वाद घालू.

जाता जाता आईचा एक निरोप आहे, आणि तो जसाच्या तसा पोहोचवणे माझे कर्तव्य आहे. वरची साखर बारीक झाली, दाताखाली येत नाही. पुढच्या खेपेला जाड घालावी, आणि टोक सुटलेले बिस्किट तिच्यासाठी वेगळे काढू नये, ते मुलाला द्यावे, असे तिने सांगितले आहे.

आपला ऋणी,
खुब्याच्या हाडवाल्या मायचा मुलगा
अमळनेर