दहा चेंडू प्रत्येकाला

महोदय,

२९ ऑगस्ट, मेजर ध्यानचंद यांची जयंती, जवळ आली की शालेय हॉकीच्या बाद पद्धतीच्या स्पर्धा सुरू होतात. नऊला हरलेला संघ साडेनऊला घरी. त्यातल्या बचावफळीतल्या पोरांनी तर समोरच्या 'डी'त, म्हणजे गोलसमोरच्या ज्या अर्धगोलातून मारलेलाच गोल धरतात त्यात, पाऊलही टाकलेलं नसतं. खडकीत, म्हणजे धनराज पिल्लेच्या गावात, एकतीस वर्षं क्रीडाशिक्षक म्हणून मीही अशाच स्पर्धा भरवल्या.

निवृत्तीनंतर गेल्या वर्षी आम्ही चार जुन्या खेळाडूंनी सामने न ठेवता नुसती गोलवर फटके मारण्याची स्पर्धा घेतली. फलकावर 'हॉकी शूटिंग' लिहिलं, तर एका पालकांनी रायफल तुम्ही देणार का, असं विचारलं! ४६ मुलं-मुली आली. प्रत्येकाला दहा चेंडू. गोल ३.६६ मीटर रुंद. आडव्या दांडीला दोन्ही कोपऱ्यांत सायकलचे जुने टायर सुतळीने टांगले. टायरमधून गेला तर तीन गुण, खालच्या फळीवर वाजला तर दोन.

बारा वर्षांखालच्यांना मात्र फक्त फळी. ती ४६ सेंटिमीटर उंच असते. सुमारे १६० ग्रॅमचा टणक चेंडू उडाला आणि कुणाच्या तोंडावर बसला तर काय, ही धास्ती होती. डीच्या कडेवरून त्यांचा चेंडू रांगतच गोलपर्यंत जाईल, म्हणून त्यांना पेनल्टी स्ट्रोकच्या खुणेवरून, ६.४० मीटरवरून मारू दिलं. मोठ्या मुलांना शेवटी २३ मीटरच्या रेषेवरून गोलरक्षकासमोर आठ सेकंद दिले, आंतरराष्ट्रीय सामन्यांत बरोबरी सोडवायला घेतात त्या शूटआउटसारखे. बहुतेकांनी तिसऱ्याच सेकंदाला घाईने मारून टाकलं.

चुकाही झाल्या. एक चेंडू बाजूच्या फाटक्या जाळीतून आत घुसला. आम्ही दोघे पंच 'गोल', 'नाही' करत बसलो, शेवटी मारणारा पोरगाच म्हणाला, "सर, बाहेरनं गेला." आपले चेंडू आपणच गोळा करायचे, या माझ्या नियमापायी अर्धी सकाळ गेली. मैदान अकरापर्यंत आमचं होतं, पण दहालाच लग्नाच्या मांडवाचे लोक येऊन डीत पहार मारू लागले. त्यांना तरी काय बोलणार? परवानगी देणाऱ्यांनी दोघांनाही तीच वेळ दिली होती.

अकरा वर्षांची एक मुलगी आठवते. हॉकीच्या मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. दर फटक्याआधी तळहात शर्टाला पुसायची. दहापैकी सात वेळा फळी खाडकन वाजवली. शाळेच्या संघात ती राइट बॅक, म्हणजे उजवीकडच्या बचावाला. "आजवर गोल किती केलेस?" तर म्हणाली, "एकपण नाही सर, मला पुढं जाऊच देत नाहीत." तिचे प्रशिक्षक माझ्या मागेच उभे होते. काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं.

यंदा संयोजकांनी सामन्यांच्या आधी निदान एक तास आणि एक गोल एवढ्यासाठी राखून ठेवावा. बारा हॉकी स्टिका, टायर, सुतळी आणि एकवीस चेंडू माझ्याकडे आहेत, कुणीही घेऊन जावं. परत करताना मात्र मोजून द्यावेत. गेल्या वर्षी चोवीस होते, तीन नाल्यात गेले.

- एक निवृत्त क्रीडाशिक्षक, खडकी, पुणे