ॲप दिलंत, पण लॉगिन ऑफिसच्या मेलने का?

संपादक साहेब, नमस्कार,

मी हिंजवडीत एका कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये आहे, नऊ वर्षं झाली. यंदा आमच्याकडे कर्मचाऱ्यांसाठी मानसिक आरोग्याचं ॲप सुरू केलं, टाउनहॉलमध्ये घोषणा झाली, लिफ्टमध्ये क्यूआर कोडची पोस्टरं लागली, समुपदेशकाबरोबर वर्षाला सहा सेशन फुकट. मला खरंच बरं वाटलं, कारण नाइट शिफ्टच्या पोरांचे हाल मी रोज बघते, झोप नाही, जेवणाला वेळ नाही आणि घरी सांगायची सोय नाही.

मग एकदा जिन्यात आमच्या टीममधली एक मुलगी दिसली, हातात फोन, तेच ॲप उघडलेलं आणि लॉगिनच्या पानावर अडकलेली. म्हणाली, "ताई, यात ऑफिसचा मेल आयडी आणि एम्प्लॉयी नंबर मागतायत, हे एचआरला दिसतं का हो? माझं अप्रेझल तोंडावर आलंय." मला उत्तर माहीत नव्हतं. एचआरला विचारलं तर म्हणाले सगळं कॉन्फिडेन्शियल असतं, मी म्हटलं मग तसं मेलवर लिहून द्या, ते आजपर्यंत आलं नाही. ती मुलगी फोन खिशात टाकून परत कॉल घ्यायला गेली.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 23 आहे, उपचारांची माहिती गुप्त राहणं हा पेशंटचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर तसं बंधन आहे. पण ॲप कोणी उघडलं, किती वेळा उघडलं, कुठल्या विभागातून उघडलं याचं काय? कंपनीला नावं नाही दिली, नुसता रिपोर्ट दिला की अमुक टीममधल्या दोघांनी सेशन घेतलं, तरी सात जणांच्या टीममध्ये ते दोघं कोण हे मॅनेजरला कळायला कितीसा वेळ लागतो? म्हणून लॉगिन स्वतःच्या मोबाइल नंबरवर हवं आणि कंपनीला काय दिसतं, काय दिसत नाही हे पहिल्याच पानावर साध्या मराठीत लिहिलेलं हवं.

मराठीचं तर काय सांगू. आमच्या ॲपमध्ये इंग्लिश आणि हिंदी एवढंच. रात्री दोन वाजता जीव कासावीस होतो, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं, हे सांगायला माणूस इंग्लिश शब्द कुठून आणणार? आणि हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीवाले काका, हे सगळे कंत्राटी, त्यांना ऑफिसचा मेल आयडीच नाही म्हणजे ॲपही नाही. ताण त्यांना नाही का?

केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन 10 ऑक्टोबर 2022 पासून चालू आहे, नंबर 14416, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं आणि कुठला एम्प्लॉयी नंबर लागत नाही. तो नंबर मी आमच्या ऑफिसात एकाही पोस्टरवर बघितला नाही, शेवटी मी स्वतः प्रिंट काढून पँट्रीत आणि लेडीज वॉशरूमच्या दारामागे चिकटवला. तुमचा पेपर आमच्या कँटीनमध्ये येतो, आत कुठेतरी छोटी चौकट करून रोज हा नंबर छापता आला तर बघा ना.

– एक वाचक, पुणे