जेवणानंतरची गुंगी : रक्तदाब मोजून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मृतिभ्रंश झालेली वृद्ध व्यक्ती जेवणानंतर पेंगू लागली, बोलेनाशी झाली किंवा उठताना कोलमडली, की ‘आजार वाढला’ म्हणून विषय मिटतो. कित्येकदा खरे कारण उतरलेला रक्तदाब असते. उपाशीपोटी किंवा दवाखान्यात एकदाच मोजला, तर ते सापडत नाही. आणि ‘गरगरतंय’ हे रुग्णाला सांगता येत नाही.

जेवल्यावर आतड्यांकडे रक्ताचा ओघ वाढतो. एरवी हृदयाची गती वाढते, बाकीच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब सावरतो. मधुमेह, पार्किन्सन आणि विशेषतः ल्युई बॉडी स्मृतिभ्रंशात (मेंदूच्या पेशींत प्रथिनांचे गोळे साचून होणाऱ्या प्रकारात) हे सावरणेच बिघडते. दोन तासांच्या आत वरचा आकडा २० किंवा अधिक उतरला, तर डॉक्टरांना दाखवावे.

मोजताना आधी पाच मिनिटे शांत बसवावे. जेवणाआधी एकदा, मग १५, ३०, ६०, ९० व १२० मिनिटांनी मोजावे. दंड तोच, बैठकही तीच; पट्टा बाहीवरून बांधू नये. रुग्ण वैतागत असेल तर निदान ३० आणि ६० मिनिटांची नोंद चुकवू नये. न्याहारीनंतरची घसरण बऱ्याचदा सर्वांत मोठी असते.

तेवढेच अन्न पाच-सहा वेळांत विभागून द्यावे. साखर, गोड पेये आणि पिष्टमय पदार्थ कमी करावेत, कारण दाब त्यांनी जास्त उतरतो. इन्सुलिन चालू असल्यास हा बदल विचारूनच करावा. जेवणाआधी दीड पेला पाणी उपयोगी पडते. मात्र हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून द्यायचे असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर नाही. जेवल्यावर लगेच आडवे करू नये, घास श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. पाठ टेकवून, पाय उंचावर ठेवून तासभर बसवावे. शौचालयाला जेवणाआधीच नेऊन आणावे. पडण्याचे प्रसंग बरेचदा जेवणानंतरच्या त्या फेरीतच घडतात.

रक्तदाबाची, लघवी वाढवणारी आणि छातीदुखीची गोळी न्याहारीच्या तोंडावर एकत्र दिली जात असेल, तर नोंदवही डॉक्टरांना दाखवून वेळा बदलून घ्याव्यात. गोळी परस्पर बंद करू नये.

भोवळ आलीच तर तोंडातला घास काढून आडवे करावे, पाय उचलून धरावेत. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजू नये. तोंड वाकडे झाले किंवा एक हात उचलेना, तर रक्तदाब मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

आपला,
वृद्धशुश्रूषा क्षेत्रातील एक वाचक