व्यालेल्या शेळीचं दूध घरात कधी घ्यावं: आमच्या पशुसखी ताईंचे आभार

ताई, सप्रेम नमस्कार.

शेळी व्याली की घरोघरी एकच प्रश्न असतो, दूध कधीपासून प्यायचं? कुणी पाच दिवस सांगतं, कुणी पंधरा, कुणी महिना. पशुसखी म्हणजे गावात जनावरांच्या काळजीची माहिती देणारी ताई; तुम्ही नुसता आकडा सांगितला नाहीत, तपासायचं कसं ते शिकवलंत. त्यासाठी सगळ्यांसमोर आभार मानतो.

सगळ्यात मोठा उपकार चिकाबाबतचा. जार (विण्यानंतर पडणारी वार) पडेपर्यंत करडाला सडाला लावायचं नाही, ही गावची जुनी रीत तुम्ही मोडलीत. रोगाशी लढायची ताकद करडाला पोटात असताना आईकडून मिळत नाही, ती चिकातूनच मिळते. आणि ती शोषून घ्यायची आतड्याची क्षमता तासातासाने घटत चोवीस तासांत संपते. म्हणून पहिल्या तासाभरातच चीक पाजायचा. आधी कास कोमट पाण्याने पुसायची, दोन्ही सडांच्या दोन-तीन धारा काढून तोंडाशी बसलेलं मेणचट बूच घालवायचं, मग करडाला लावायचं. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवशी तीन-चार वेळा मिळून किमान 200 मिली चीक जायला हवा. करडू ओढू लागलं की शेळीची गर्भपिशवी आकुंचन पावते आणि जार पडायलाही मदत होते. बारा तासांत जार पडली नाही तर ओढायची नाही, डॉक्टरांना बोलवायचं. पहिल्या दिवसाच्या चिकाचा खरवस करायचा नाही, हे तुम्ही घरातल्या मोठ्यांनाही न बिचकता सांगितलंत, हे विशेष.

चीक साधारण चार दिवसांत निवळतो. पाचव्या दिवसापासून सकाळच्या धारेतलं अर्धी वाटी दूध वेगळं तापवून बघायचं. गुठळ्या धरल्या तर अजून चीक आहे, एकसारखं उकळलं तर दूध झालं. मात्र त्याआधी पहिली धार काळ्या फडक्यावर घ्यायची. फडक्यावर कण, तंतू किंवा रक्ताची झाक दिसली, दूध खारट लागलं, कास गरम किंवा कडक लागली, तर तो चीक नव्हे, कासदाह, म्हणजे कासेचा आजार. ते दूध कुणालाच द्यायचं नाही.

दूध पिण्याजोगं झालं म्हणजे ते आपलं झालं असं नाही, हे तुमचं म्हणणं आम्हाला फार पटलं. पहिला महिना करडाला रोज वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं तरी दूध लागतं. आपल्या उस्मानाबादी शेळ्या बहुतेकदा जुळी देतात, त्यामुळे सुरुवातीला घरासाठी फारसं उरतच नाही. तिळी असतील तर हात लावायचाच नाही, कारण सड दोनच. एक करडू असेल आणि कास भरलेली राहत असेल, तर आठवड्यानंतर उरलेलं काढावं. नाहीतर तीन आठवड्यांनी करडं पाला चघळू लागली की रात्री वेगळी ठेवायची, सकाळी एक धार घरासाठी घ्यायची आणि दिवसभर त्यांना आईपाशी सोडायचं. दर आठवड्याला झोळीत घालून काट्यावर वजन करायचं. वजन थांबलं की घरचं दूध बंद.

औषधाचं तर आम्ही कुणी लक्षातच घेत नव्हतो. विण्याच्या सुमारास जंतनाशक दिलं असेल किंवा प्रतिजैविकाचं इंजेक्शन झालं असेल, तर बाटलीवर लिहिलेले किंवा डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपेपर्यंत दूध प्यायचं नाही. ती तारीख आता गोठ्यातल्या कॅलेंडरवर लिहिलेली असते.

आणि शेळी गाभडली (दिवस भरण्याआधीच गर्भ पडला) असेल तर रक्ततपासणी होईपर्यंत तिचं दूध वापरायचं नाही, जारेला उघडा हात लावायचा नाही, ती चुना टाकून खोल पुरायची. गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस हा रोग असेल तर अशा शेळीपासून माणसाला ताप लागू शकतो, तो महिनोन्‌महिने सोडत नाही. एरवीही शेळीचं दूध कच्चं प्यायचं नाही, ढवळत चांगली उकळी आणायची. लहान लेकरांना धारोष्ण दूध पाजायची हौस आपल्याकडे मोठी आहे, ती तुमच्यामुळे आमच्या वस्तीवर थांबली. पुढच्या विण्यांच्या हंगामाआधी पलीकडच्या वाडीवरही एकदा याच, तिथल्या बायका वाट बघताहेत.

आपल्या,
वस्तीवरच्या शेळीपालक महिला