ईमेलला आवक नंबर कधी देणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शाहूपुरीतल्या एका छोट्या वाचनालयाचं दफ्तर माझ्याकडं आहे. २०१९ च्या ऑगस्टमधे पंचगंगेचं पाणी आमच्या खालच्या खोलीत शिरलं आणि जुन्या पत्रांची लोखंडी ट्रंक दोन दिवस पाण्यात बसली. आम्ही एकेक कागद सुटा करून, उन्हात न घालता, पंख्याखाली रद्दी पेपरवर वाळवला (तुमच्याच पेपरची रद्दी होती, आभारी आहे). शाईपेनाची पत्रं फुटली, नुसते निळे डाग राहिले, स्टेपलच्या पिना गंजून कागदाला भोकं पडली, पण बॉलपेनचं आणि टाइप केलेलं बहुतेक वाचलं. त्यात १९७४ चं एक आंतर्देशीय आहे, गगनबावड्याकडच्या सभासदाचं, पूर उतरला की पुस्तक आणून देतो तोवर दंड लावू नका म्हणून. कोपऱ्यात लाल शाईनं आवक नंबर आणि तारीख. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीच्या कारकुनानं दंडाची विनंतीसुद्धा रजिस्टरला चढवली होती बघा.

आता दुसरी गोष्ट ऐका. २०१४ च्या दिवाळीनंतर आम्ही स्लॅबचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं, ठेकेदारानं दहा वर्षांची गॅरंटी दिली, पण ती मेलवर, आणि मेल आला तेव्हाच्या सेक्रेटरींच्या स्वतःच्या खात्यावर. ते २०२१ मधे गेले. २०२४ च्या जुलैत स्लॅब गळायला लागला, ठेकेदार म्हणाला लेखी दाखवा, आम्ही त्यांच्या मुलाकडं गेलो, त्यानं बिचाऱ्यानं दोन तास खटपट केली तर खातंच नाही. दोन वर्षं उघडलं नाही की पुसून टाकायचं असा त्या मेलच्या कंपनीचा नियम निघाला. पुरात भिजलेलं आंतर्देशीय वाचलं आणि हे पाण्याचा थेंबही न लागता गेलं. दुरुस्तीचे पैसे शेवटी आमच्याच खिशातनं.

सगळी चूक आमची होती. मेल आला की तो पत्रच आहे असं कुणाला वाटलंच नाही, त्यामुळं आवक-जावकला चढला नाही, फाईलला लागला नाही. वास्तविक १९९३ च्या केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात कॉम्प्युटरवर तयार झालेला मजकूरही रेकॉर्डच धरलाय. पण तो कायदा सरकारी ऑफिसांसाठी, आमच्यासारख्या संस्था, तालमी, मंडळं, सोसायट्या यांना कोण विचारतंय! करवीर संस्थानची कागदपत्रं आज आपल्या कोल्हापूरच्या पुरालेखागारात बघायला मिळतात कारण कुणीतरी ती रुमालात बांधून, नोंद करून ठेवली.

आम्ही आता एवढं केलंय. संस्थेच्या नावानं वेगळं खातं, सेक्रेटरी बदलला की चार्जबरोबर पासवर्डही लेखी द्यायचा. करार, गॅरंटी, ठराव, देणगी असला मेल आला की पाठवणाऱ्याचं नाव आणि तारीख दिसेल असा प्रिंट काढून आवक नंबर टाकायचा, मेलला जोडून आलेली फाईल वेगळी सेव्ह करायची कारण प्रिंटमधे ती येत नाही. गुड मॉर्निंगचे आणि जाहिरातीचे सरळ डिलीट, सगळंच साठवलं तर शोधणार कोण? आणि मार्चएंडला गूगलच्या टेकआउट नावाच्या सोयीतनं अख्खी मेलबॉक्स उतरवून दोन ठिकाणी ठेवायची, एक कॉपी दुसऱ्या घरात, तीही वरच्या मजल्यावर. व्हॉट्सअॅपवर मीटिंगचे अजेंडे फिरतात त्यांचं काय करायचं हे मात्र अजून सुचलेलं नाही.

धर्मादाय कार्यालयानं दरवर्षी हिशेब मागताना संस्थेचा मेल कुणाच्या नावावर आहे एवढं जरी विचारलं तरी निम्मे लोक जागे होतील. ज्यांचे जुने सेक्रेटरी हयात आहेत त्यांनी तर आज संध्याकाळीच त्यांच्याकडं चहाला जावं.

आमचा पासवर्ड वहीत लिहून ट्रंकेत ठेवलाय. ट्रंक आता माळ्यावर आहे.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर